काकूंचा त्रास खरा आहे, म्हणूनच आधी डॉक्टरांकडे जा

नमस्कार काका,

बाहेरच्या भिंतीवर स्मार्ट मीटर, म्हणजे विजेच्या नोंदी रेडिओ लहरींनी आपोआप पाठवणारा मीटर, बसल्यापासून काकूंना झोप लागत नाही, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. आणि मी मात्र त्याला 'मनाचे खेळ' ठरवून वीज खात्याची वकिली करतो, असं तुम्ही लिहिलंत. मनाचे खेळ असं मी लिहिलेलं नाही, मानतही नाही. काकूंना त्रास होतोय. माझा वाद आहे तो फक्त मीटरच्या लहरींना दोषी धरण्याशी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ सालीच म्हटलं होतं की ही लक्षणं खरी असतात, पण त्यांचा विद्युतचुंबकीय लहरींशी संबंध जोडायला शास्त्रीय आधार नाही. आपल्याला लहरी बाधतात असं सांगणाऱ्या माणसांसमोर कधी खऱ्या लहरी सोडल्या, कधी खोट्या. केव्हा काय चालू आहे, हे त्या माणसांना ठाऊक नव्हतं, आणि काही प्रयोगांत तर तपासणाऱ्यालाही नव्हतं. लंडनच्या संशोधकांनी त्याच वर्षी अशा ३१ प्रयोगांचा आढावा घेतला. त्यांत ७२५ माणसं होती. लहरी ओळखता येतात असं ठामपणे दिसलं नाही. उलट खोट्या लहरींनीही डोकी दुखली. धास्तीनं शरीर खरोखर दुखतं, काका; त्यात कमीपणा कसला?

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण तो निर्णय मुख्यतः कानाला लावायच्या मोबाइलच्या अभ्यासांवर झाला. मीटर थोडा थोडा वेळच संदेश पाठवतो, आणि एका हाताच्या अंतरावर लहरींची जी तीव्रता, ती तीन हातांच्या अंतरावर नवव्या हिश्शावर येते. काकूंच्या उशाशी मोबाइल असेल, तर आधी तो लांब ठेवा.

मला खरी भीती वेगळीच वाटते. सगळा दोष मीटरवर गेला की रक्तदाब, थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासायचं राहून जातं. धडधड आणि निद्रानाश यांमागे यातलं काहीही असू शकतं. डिचोलीच्या आरोग्य केंद्रात काकूंना याच आठवड्यात न्या, ईसीजीही काढून घ्या.

खात्याशी भांडायचं तर भांडण्यासारखं पुष्कळ आहे, आणि तिथं मी तुमच्या बाजूनं आहे. मीटर गुणगुणतो असं तुम्ही लिहिलंय. जळका वास येत असेल किंवा पेटी तापत असेल, तर जोडणी सैल असू शकते. पावसाळ्यात जुन्या वायरिंगच्या घरात हे जिवावर बेतू शकतं. स्वतः हात न लावता लगेच तक्रार करा. बिल फुगलंय असं वाटत असेल, तर २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांप्रमाणे तक्रारीनंतर पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवावा लागतो, आणि तो किमान तीन महिने ठेवावा लागतो. अर्ध्या अर्ध्या तासाच्या नोंदींवरून घर केव्हा रिकामं असतं हेही कळू शकतं. त्या नोंदी कोण बघतो, हेसुद्धा लेखी विचारा.

काकूंचे रिपोर्ट आले की कळवा. तक्रारीचा मसुदा मी लिहून पाठवतो, ग्राहक क्रमांक तेवढा तुम्ही भरा.