माहुलची घरं 'फुकट' : 'एक करदाता' यांना उत्तर

करदातेसाहेब, नमस्कार.

माहुलवरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया लांबलचक होती, म्हणून उत्तरही तसंच देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीलगत अतिक्रमण करून राहिलेल्यांना झोपड्या पाडल्यावर चेंबूरजवळ माहुलमध्ये, रिफायनऱ्यांच्या शेजारी, फुकटात पक्की घरं मिळाली, तरी त्यांची रड संपत नाही, हवा सगळ्या मुंबईचीच खराब आहे, आणि मी टीबीचं खापर पुराव्याशिवाय रिफायनरीवर फोडलं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. रिफायनरीमुळे टीबी होतो असं वाटावं, असं वाक्य माझ्या हातून गेलं. चूक कबूल. तिथे बोट ठेवायचं तर आधी इमारतींच्या बांधणीवर ठेवायला हवं. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास झालाय. दोन इमारतींत अंतर जेमतेम, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, आणि टीबीही तिथेच जास्त. माहुलच्या ७२ इमारतीही अशाच एकमेकींना खेटून उभ्या आहेत. भर दुपारी जिना चढताना मी मोबाइलचा टॉर्च लावलाय.

धापेचं मात्र वेगळं आहे. केईएम रुग्णालयाने २०१३ मध्ये माहुल-आंबापाडा भागात पाहणी केली, तेव्हा ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनहून अधिक वेळा धाप लागते असं सांगितलं. लोकांनी सांगितलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही, हेही मान्य. पण ही पाहणी पुनर्वसितांची नव्हती, तिथल्या जुन्या रहिवाशांची होती. त्यात कोळी आले, ज्यांचं गाव १९५४-५५ मध्ये रिफायनऱ्या आल्या त्याच्याही कितीतरी आधीचं आहे. ते कुणाच्या जागेवर अतिक्रमण करून बसले होते? राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, तेच गेले. लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये मान्य केलं, की इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. आणि त्यानंतरही, हे कागदावर असताना, तानसाकाठच्या कुटुंबांच्या हातात माहुलच्याच चाव्या ठेवल्या गेल्या.

'सगळ्यांचीच हवा' म्हणता, तर माझंच सांगतो. मी चेंबूरचा. लहानपणी रात्री उग्र वास आला की आई उठून खिडक्या लावायची, 'आज परत सोडला वाटतं' म्हणायची आणि झोपायची. चेंबूरला 'गॅस चेंबर' म्हणून आम्ही स्वतःच हसायचो. मुलगा झाला, त्याला सारखी नेब्युलायझरची वाफ द्यावी लागायला लागली, तेव्हा आम्ही ठाण्याला भाड्याने राहायला गेलो. पगार होता म्हणून गेलो. ज्याची झोपडी पाडली, घरकामं सुटली, पोरांची शाळा तासभर लांब गेली, त्याने कुठे जायचं?

न्यायालयापुढेही हाच प्रश्न आला. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं, की लोकांना माहुललाच राहायची सक्ती करता येणार नाही; दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार भाडं द्या, वर अनामत ४५ हजार. तुमच्या करातून गेले म्हणून तुम्ही चिडणार, चिडा. पण राहायला नको त्या जागी घरं भरायचा निर्णय कुणी घेतला, हेही विचारा. झोपडीवाल्याने तर नक्कीच नाही.

राहता राहिलं 'फुकट'. माहुलमधली रिकामी पडलेली नऊ हजारांवर घरं महापालिकेने २०२५ मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत देऊ केली. मुंबईत त्या पैशात पार्किंगसुद्धा मिळायची मारामार. तरी अर्ज अगदी थोडे आले. पालिकेतल्या एका मित्राला विचारलं, तू अर्ज भरलास का? तो म्हणाला, "पोरगी सहा महिन्यांची आहे रे."