स्पष्टवक्ता सातारकर यांना उत्तर (आणि हो, मी काकूच)

मागच्या आठवड्यात मी 'डोळ्यातले छोटे आरएनए : नवी आशा' ही पोस्ट लिहिली. आरएनए म्हणजे पेशीतला डीएनएचा भाऊबंद, आणि त्यातले काही छोटे आरएनए डोळ्यात काय काम करतात, ते बिघडले की काय होतं, हे त्यात होतं. त्यावर 'स्पष्टवक्ता सातारकर' या नावाने एक कमेंट आलीय. ज्यांना खाली शोधायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक, "एका अक्षराच्या चुकीने डोळा बिघडतो हे फिल्मी आहे, असली घराणी जगात बोटावर मोजण्याइतकी, त्यावरून डायबेटिसच्या पेशंटला काय सांगणार?" दोन, मी आरएनएच्या यादीत घातलेलं फोमिव्हिर्सेन हे डोळ्याचं औषध आरएनए नाहीच. तीन, डोळ्यासाठी या छोट्या आरएनएचं एकही औषध आज बाजारात नाही, मग आशा कशाला लावता, शुगर आणि डोळ्याचा पडदा तपासा म्हणून सांगा. आणि शेवटी, "काकू, सांगलीकरांनी हळदीवर लिहावं, आरएनए आमच्यावर सोडावा."

मी शेवटापासूनच सुरू करते.

काकू म्हणायला हरकत नाही. वय ५६ आहे, गल्लीतली पोरं काकूच म्हणतात. पण ती काकू म्हणतात तेव्हा पुढे 'बॉल द्या ना' असतं, 'गप्प बसा' नसतं. आणि हळदीचं म्हणाल तर माझे वडील इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कॉलरपासून चपलेपर्यंत पिवळे, आई त्यांचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या पगारावर त्यांनी मला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी झूऑलॉजीला पाठवलं, १९९२ ला पास झाले. तेव्हा आम्हाला आरएनए तीनच शिकवले, जीनचा प्रोटीन बनवायचा निरोप नेणारा, त्यासाठी अमिनो आम्ल आणणारा आणि रायबोसोममधला, संपलं. पुढच्याच वर्षी अँब्रोस आणि रवकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी जेमतेम एक मिलिमीटरच्या जंतात एक बारकासा आरएनए दाखवला, जो स्वतः प्रोटीन बनवत नाही, दुसऱ्या जीनच्या निरोपाला चिकटून त्याचं काम दाबतो. त्याचं नोबेल मिळालं २०२४ ला. जगाला एवढा वेळ लागला तर तुम्हाला अजून एक आठवडा द्यायला माझी ना नाही. बावीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलंय मी, न समजलेलं पोरगं आणि न समजून घ्यायचं ठरवलेलं पोरगं यातला फरक मला दारातनं कळतो.

आता 'फिल्मी'. हा शब्द मला लागला, खरं सांगते, कारण ती पोस्ट मी चार वेळा पुसून लिहिली होती. जंतातला तो बारकासा आरएनए ज्या जातीचा, तो मायक्रोआरएनए असतो साधारण २२ अक्षरांचा, अक्षर म्हणजे त्याच्या साखळीतली एक कडी. त्यात सुरुवातीची सात-आठ अक्षरं महत्त्वाची, त्यांनीच तो आपला निरोप ओळखतो, त्याला सीड म्हणतात. बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, आणि आतली लेन्स यांच्यात मिर-१८४ नावाचा मायक्रोआरएनए भरपूर असतो. उत्तर आयर्लंडच्या एका घराण्यात याच सीडमधलं एक अक्षर बदललेलं सापडलं, २०११ ला छापून आलं, आणि त्या घरात कॉर्निया पातळ होऊन टोकदार होतो, शिवाय लहान वयात मोतीबिंदू. कसं होतं ते बघा. एसटीत आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना, तसं मिर-१८४ काही निरोपांवर रुमाल टाकून ठेवतो, म्हणजे तिथे मिर-२०५ या दुसऱ्या मायक्रोआरएनएला बसता येत नाही. एक अक्षर बदललं की रुमाल घसरतो, २०५ येऊन बसतो आणि तो निरोप दाबला जातो. रुमाल केवढासा असतो? पण स्वारगेट ते सांगली उभं राहून आलेल्या माणसाला विचारा.

एकच घराणं म्हणाल तर २०१५ ला दुसरं आलं, पाच पिढ्यांचं, तिथे मिर-२०४ च्या सीडमध्ये एक अक्षर, आणि पडदा झिजतो, डोळ्यात जन्मापासून खाच. विरळ आहेत, मी कुठे नाही म्हणतेय. पण घरात फ्यूज कुठला ते एक फ्यूज उडाल्यावरच कळतं ना? आणि बिघाड सोडा, धडधाकट उंदीर अंधारात ठेवले की त्यांच्या पडद्यातले काही मायक्रोआरएनए झपाट्याने कमी होतात, उजेडात आणले की परत वाढतात, हे २०१० पासून माहीत आहे. ही रोजची कामं आहेत, फिल्मी काही नाही.

डायबेटिसच्या पेशंटला काय सांगणार, हे तर मला विचारूच नका. माझी आई ७९ ची आहे, चौदा वर्षं शुगर. एक दिवस चहा पिताना म्हणाली, खिडकीचा गज वाकलाय गं. मी बघितलं, सरळ. तिने उठून हाताने चाचपून बघितला, हाताला सरळ लागला, डोळ्याला वाकडाच. ती तशीच गज धरून उभी राहिली. आधीच्या डॉक्टरांनी 'वयाचं आहे, मोतीबिंदू पिकू द्या' म्हणत सात महिने घालवले होते, पडद्याला आलेली सूज कुणी बघितलीच नाही. आता दर खेपेला ते थेंब, मग बाहुली मोठी करून तासभर बसायचं, इंजेक्शन, आणि परत येताना रिक्षात डोळ्यावर पदर, उन्हात सगळं पांढरं दिसतं म्हणून. ते इंजेक्शन वीईजीएफ नावाचं प्रोटीन पकडतं, ज्याने रक्तवाहिन्या गळतात. ते प्रोटीन बनायच्या आधीच त्याचा निरोप दाबणारा मिर-२००बी डायबेटिस झालेल्या उंदरांच्या पडद्यात कमी पडतो, हेही २०११ चं. उंदरांचं आहे, माहितीय. पण मी दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसून हे वाचलंय, एसी केबिनमध्ये नाही.

फोमिव्हिर्सेनचं तुमचं बरोबर. १९९८ ला मंजूर झालेलं ते औषध डीएनएच्या तुकड्याचं, तेही निरोपालाच चिकटतं म्हणून मी घाईत त्याच खात्यात घातलं. पोस्टमध्ये दुरुस्त केलंय, तुमचं नाव घालून. बघा, चूक मान्य करायला दोन मिनिटं लागतात.

राहिलं औषध नाही हे. जीनचा निरोप दाबणारं डोळ्याचं औषध आज नाहीच आहे. वीईजीएफचा निरोप दाबणाऱ्या बेवासिरानिब या छोट्या आरएनएची चाचणी २००९ ला थांबवली हे मीच लिहिलंय, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, तिथपर्यंत आला असतात तर दिसलं असतं. शीर्षकात 'आशा' आहे, पण शीर्षक म्हणजे पोस्ट नव्हे. आणि शुगर तपासा हे सांगायला ब्लॉग कशाला पाहिजे, ते प्रत्येक मेडिकलच्या काचेवर लिहिलेलं असतंय.

उद्या सकाळी नऊला मिरजेला जायचंय, आईचं नववं इंजेक्शन. तिथे दोन-तीन तास बसावं लागतं आणि रेंज चांगली असते, तेव्हा अजून काही स्पष्ट बोलायचं राहिलं असेल तर तेवढ्या वेळात लिहा.