ग्रामसभेला न जाण्याची पूर्वतयारी

मतदान झालं, गुलाल उधळून झाला, डीजेचे पैसे कुणी द्यायचे यावरून एक भांडणही झालं. म्हणजे तुमच्या वाट्याची लोकशाही संपली. आता पाच वर्षं एकच पथ्य पाळायचं: ग्रामपंचायतीच्या कारभारात लक्ष घालायचं नाही. हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि कायदा करणाऱ्यांनी त्यातल्या प्रत्येकीच्या गळ्यात ग्रामसभा नावाचं लोढणं अडकवून ठेवलंय. आमदाराला वर्षातून चारदा मतदारांपुढे बसून हिशेब द्यावा लागत नाही. खासदाराला नाही, मंत्र्याला तर नाहीच. बिचाऱ्या सरपंचालाच तेवढा द्यावा लागतो. हा अन्याय दूर करणं सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि त्यासाठी तुम्हाला काहीही करायचं नाही. अक्षरशः काहीही नाही.

आधी हे लोढणं किती जड आहे ते बघू. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभा थेट राज्यघटनेत जाऊन बसली. आपला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम तर १९५८ चा. त्यानुसार गावाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. निवडणूक नाही, अनामत रक्कम नाही, आरक्षणाची सोडत नाही. वर्षात किमान चार सभा व्हायलाच हव्यात. सबळ कारण नसताना सरपंचाने त्या घेतल्या नाहीत, तर त्याचं पद जाऊ शकतं. आणि वर्षाच्या पहिल्या सभेपुढे काय काय ठेवायचं? जमाखर्चाचं विवरण, गेल्या वर्षाचा प्रशासन अहवाल, यंदाचा विकास कार्यक्रम, शिवाय लेखापरीक्षकाचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरं. सगळ्या गावासमोर! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे तर मुठीत केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी असतो.

पण घाबरू नका. लोढणं ज्या कायद्याने अडकवलं, त्याच कायद्याने कडीही सैल ठेवली आहे. तिचं नाव गणपूर्ती. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजर लागतात. म्हणजे गावात सहा हजार मतदार असोत की नऊ हजार, शंभर डोकी पुरतात. मतदानाच्या दिवशी चाकण, हडपसर, नवी मुंबईहून गाड्या भरभरून माणसं आणणाऱ्या गावाला शंभर माणसं गोळा करणं अवघड नाही, आणि धोका आहे तो इथेच. तुम्ही घरी थांबायचं ते यासाठी. गणपूर्ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. सोळा-सतरा माणसं मग सहा हजारांच्या वतीने काय हवं ते मंजूर करू शकतात. ज्याने कुणी ही तरतूद केली त्याला आपला गाव फार जवळून माहीत असला पाहिजे.

सभांच्या नेहमीच्या तारखाही सोयीच्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. सकाळी झेंडावंदन होतं, शाळेतली पोरं कवायत करतात, जिलेबी वाटली जाते. गाव त्या वेळी मैदानावर असतंच. म्हणून जिलेबी हातात पडली की लगेच निघायचं. मागे वळून पाहिलंत तर पंचायतीसमोरच्या मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या दिसतील आणि कुणीतरी "अहो तात्या, जरा बसा की पाच मिनिटं" म्हणेल. बसायचं नाही. "पोराला क्लासला सोडायचंय" हे कारण सुट्टीच्या दिवशीही चालतं. मग मंडपात काय होतं?

"भाऊसाहेब, किती झाले?"

"सव्वीस. त्यात आपण बॉडीचे नऊ, आणि मी."

"मग?"

"मग काय, तहकूब."

यातले भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ साली शासनाने त्यांचं पदनाम बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं. तहकुबीत त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

पुढची पायरी सहीची. दोन दिवसांनी पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन दारात येईल. तो तुमच्या भावकीतलाच असतो. "दादा, इथं एक सही करा, हजेरीची राहिली होती." तुम्ही हजर नव्हतात हे त्याला माहीत आहे आणि तुम्हालाही. करून टाका. फक्त वरचा मजकूर वाचू नका. वाचायला लागलात की शिपायाला संशय घेतल्यासारखं वाटतं आणि भावकीत उगाच वितुष्ट येतं. तसंही वर वाचण्यासारखं बहुधा काही नसतं, कारण प्रोसिडिंगची पानं अजून कोरी असतात. ती निवांत भरली जातात. प्रत्येक ठरावाला सूचक असतो, अनुमोदक असतो आणि शेवटी 'ठराव सर्वानुमते मंजूर' असतं. कधीकाळी ते पान तुमच्या पाहण्यात आलं आणि एखाद्या ठरावाचे सूचक तुम्हीच निघालात, तर दचकू नका. गावाने तुमचा सन्मान केला आहे.

विषयपत्रिका मात्र एकदा जरूर वाचा, साहित्य म्हणून. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, शासनाच्या आलेल्या परिपत्रकांचे वाचन करणे, वृक्षलागवडीबाबत चर्चा करणे... डुलकी लागावी अशा बेताने विषय रचलेले असतात. आणि तळाशी, शेवटचा विषय: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. खरा गाव या एका ओळीत राहतो. गावठाणातली मोक्याची जागा कुणाला द्यायची, मोबाईल टॉवरला ना-हरकत दाखला द्यायचा का, वाळूचं काय करायचं, हे सगळं ऐनवेळी सुचतं. पेव्हर ब्लॉक तर नेहमीच ऐनवेळी सुचतात. तीन वर्षांपूर्वी बसवलेले चांगले ब्लॉक उखडून नवे का बसवतात, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ द्या आणि जाऊ द्या. ज्या गल्लीत ते बसतात तिथल्या सदस्याला विचारलंत तर तो म्हणेल, "निधी परत जात होता." या उत्तराला आजवर कुणाकडे प्रतिउत्तर सापडलेलं नाही.

आता महिलांकडे वळू. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यावी असं कायदा सांगतो. ती कागदावर अगदी वेळेवर होते. अंगणवाडीत बचतगटाची बैठक असते, तिथेच एका वेगळ्या वहीवर सह्या होतात, आणि पोषण आहाराच्या चर्चेत महिलांची ग्रामसभा केव्हा सुरू झाली नि केव्हा संपली हे महिलांनाही कळत नाही. राज्यात २०११ पासून पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, म्हणजे बऱ्याच गावांत सरपंचपदी एखाद्या वहिनी असतात आणि 'सरपंच' या हाकेला ओ देतात त्या वहिनींचे मालक. नातेवाइकांनी कारभारात ढवळाढवळ करू नये असं शासनाने लेखी बजावलंय. तुम्ही मात्र मालकांनाच सरपंच म्हणत चला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो मोठा आणि वहिनींचा पासपोर्ट आकाराचा असेल, तर डिझायनरला दोष देऊ नका. उलट, चुकून एखादी वहिनी खुर्चीवर बसून स्वतःच बोलायला लागली, खर्चाची पावती मागायला लागली, तर लगेच म्हणायचं, "बाईला कुणीतरी शिकवतंय."

तुमच्यासमोरचा सगळ्यात मोठा मोह मोबाईलमध्येच आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये केंद्राने ई-ग्रामस्वराज नावाचं पोर्टल सुरू केलं. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की पंचायतीचा विकास आराखडा, त्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. पासवर्ड लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. रोजचा दोन जीबी डेटा रील्सवर घालवणाऱ्या माणसाला हे दाखवून ठेवणं म्हणजे शुद्ध क्रौर्य. तुम्ही ते उघडूच नका. उघडलंत तर कळेल की पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासूनच्या निधीतला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. मग तुम्ही गटाराकडे पाहाल, नंतर स्क्रीनकडे, मग पुन्हा गटाराकडे, आणि रात्रीची झोप उडेल. हेही कळेल की पैसे काढायला ग्रामसेवक आणि सरपंच दोघांची डिजिटल सही लागते. ही सही एका डोंगलमध्ये असते. कुणाचं डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये असतं, ही गावातली अतिशय खाजगी बाब आहे. सुसंस्कृत माणूस ती विचारत नाही.

गावाबाहेर राहत असाल तर तुमची जबाबदारी वेगळी. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी 'आपला गाव, आदर्श गाव' असा मेसेज टाकायचा, जत्रेच्या वर्गणीत नाव वरच्या ओळीत येईल असं बघायचं आणि घरपट्टी थकवायची. थकवल्यावर "पंचायत काही कामच करत नाही, भरू कशाला?" असं म्हणायचं. निवडणुकीला उभं राहायचं ठरलं की एका दुपारी सगळी थकबाकी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यायचा. कर थकवणाऱ्या सदस्याचं पद जातं. मतदाराचं काय जाणार? अर्ज भरायच्या आठवड्यात पंचायतीची वसुली जी उसळी घेते तिच्यामुळे तरी निवडणुका वेळच्या वेळी व्हायला हव्यात, असं माझं आपलं प्रामाणिक मत आहे.

वाईट संगतीपासूनही जपा. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) नावाचं गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणतात आणि तसं वागतातही. एकमत होईपर्यंत बोलत बसतात, बहुमताने उरकत नाहीत. या नादात २००९ साली त्यांनी सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात तर गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि पाऊस पाहून पिकं ठरवतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्याला वर्षभर दळण फुकट मिळायला लागलं, त्यामुळे लोकांना कर भरायची सवय जडली. असल्या गावांना भेट द्यायची ती अभ्यास दौऱ्यावर, पंचायतीच्या खर्चाने. सेल्फी काढायचा, पिठलं-भाकरी खायची, परत येताना शिर्डी करायची आणि गावात म्हणायचं, "तिकडची माणसंच वेगळी."

मतदानाचीच कटकट नको असेल, तर पदाचा लिलाव हाही एक प्रयोग होऊन गेला आहे. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत सरपंचपदाची बोली लागली. उमराण्याची बोली २ कोटी ५ लाखांपर्यंत गेल्याच्या बातम्या आल्या. पैसा मंदिराला जाणार होता, त्यामुळे पुण्यही पदरात पडणार होतं. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूकच रद्द करून विचका केला. दोन कोटी मंदिराला देऊन पाच वर्षांत तो माणूस कसा जगणार होता, हे शोधायची संधी गेली.

दोनच प्रसंगी ग्रामसभेला जायला हरकत नाही. एक, घरकुलाची 'ड' यादी वाचणार असतील तेव्हा. आपलं नाव आहे का बघायचं आणि दुसऱ्याचं का आहे यावर ओरडायचं. दुसरा, सरपंचावर अविश्वास आला तेव्हा. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. अशा सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने अविश्वास आणला तरी ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यावं लागतं. त्या दिवशी गणपूर्तीची काळजी नसते. ढाब्यावर दोन्ही गटांची सोय असते आणि पोलिसांची व्हॅन सकाळपासून उभी असते.

एवढं सगळं सांभाळूनही एखाद्या रात्री तुम्हाला जाब विचारायची हुक्की आलीच, तर तक्रार अर्ज करून मोकळे व्हा. माहिती अधिकाराच्या भानगडीत पडू नका. दहा रुपयांत तीस दिवसांच्या आत कागद हातात येण्याची भीती असते. साधा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांना लिहा. जिल्हाधिकारी कार्यालय तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाठवेल, तिथून तो गटविकास अधिकाऱ्यांकडे जाईल, तिथून विस्तार अधिकाऱ्यांकडे, आणि दीड-दोन महिन्यांनी 'आपले स्तरावरून नियमोचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे' असा शेरा घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलावर उतरेल. तक्रार भाऊसाहेबांबद्दलच असते, त्यामुळे विषय त्यांना पटकन समजतो. ते तुम्हाला चहाला बोलावतील, सरपंचांचे मालकही योगायोगाने तिथेच असतील. "अहो, आधी सांगायचं ना आम्हाला, वर कशाला गेलात?" असं प्रेमाने विचारतील. आणि आठवडाभरात लेखी उत्तर येईल: सदर विषय आगामी ग्रामसभेपुढे ठेवण्यात येईल, तरी अर्जदाराने सभेस उपस्थित राहावे.