चौथीपर्यंतच का?

८ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र सरकारने आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. त्याआधी दोनेक महिने तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदला, असं सुचवलं होतं. त्यावरची चर्चा मी कॅलिफोर्नियातून वाचत होते. पालक खूश होते, शाळा खोल्यांचा आणि व्हॅन-रिक्षांच्या फेऱ्यांचा हिशोब मांडत होत्या. मुलांच्या झोपेचा विचार सरकारी कागदावर आला याचा मला मनापासून आनंद झाला. पण तो चौथीवर येऊन थांबला, आणि झोपेचा सगळ्यात अवघड प्रश्न सुरू होतो सातवी-आठवीत.

माझी भाची नाशकात नववीत आहे. सातवीपर्यंत ती दुपारच्या शाळेत जायची. तिच्या शाळेत खोल्या कमी, म्हणून दोन सत्रं. आदेशानंतर प्राथमिकचे वर्ग दुपारी गेले आणि माध्यमिकचे सगळे सकाळी सातला आले. मी संध्याकाळी ऑफिसमधून निघते तेव्हा तिकडे पहाटेचे पावणेसहा वाजलेले असतात, आणि आईशी बोलायची माझी वेळ तीच. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो. मागे वहिनी पोळ्या लाटतेय, आई भाचीची वेणी घालतेय, आणि भाची स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेली. मान पुढे कलंडली की आई वेणीला धरूनच ती सरळ करते. हातातल्या दुधावर साय धरलेली असते. जानेवारीतल्या नाशिकच्या थंडीतही हेच, वर स्वेटर आणि कानटोपी. दप्तर माझ्या दादाच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या गाडीवर, कारण त्याची अंबडच्या कारखान्यातली पहिली पाळी आणि तिची शाळा एकाच वाटेवर. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: रात्री बारापर्यंत जागते, मोबाईल सोडत नाही, मग सकाळी दुसरं काय होणार? ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे आईने आम्हा दोघा भावंडांना ऐकवलं, आता नातीला ऐकवते.

इथे जवळच असलेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७६ साली मेरी कार्सकाडन यांनी मुलांसाठी उन्हाळी निद्रा शिबिर सुरू केलं. दहा-बारा वर्षांची मुलं पुढची काही वर्षं दर उन्हाळ्यात येत राहिली. झोपायला दहा तास मिळत आणि झोप यंत्राने मोजली जाई. मूल मोठं होईल तशी त्याची झोपेची गरज कमी होत जाईल, अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. वयात आलेली मुलंही सव्वानऊ तासांच्या आसपासच झोपली, आणि तेवढं झोपूनही दिवसा लहानांपेक्षा जास्त पेंगली. पुढच्या अभ्यासांतून आणखी दोन गोष्टी कळल्या. वयात येताना झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, आणि दिवसभर जागल्यावर डोळ्यांवर येणारा झोपेचा भारही या वयात सावकाश चढतो. शरीराचं घड्याळ दोन तासांपर्यंत मागे पडू शकतं. यातलं बरंचसं काम सत्तरीच्या आणि नव्वदीच्या दशकांतलं आहे, तेव्हा कुठल्याही मुलाच्या उशाशी मोबाईल नव्हता. मोबाईल झोप आणखी लांबवतो हे खरंच आहे, आणि रात्री तो बाहेरच्या खोलीत राहावा या दादाच्या नियमाला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण मोबाईल काढून घेतला की चौदा वर्षांची मुलगी साडेनऊला झोपेल, ही अपेक्षा तिचं शरीर पुरी करू शकत नाही.

सात वर्षांच्या मुलाचं तसं नाही. त्याला झोप जास्त हवी असते, पण साडेआठला दिवा मालवून जवळ कुणी पडलं तर ते झोपतंही. ते अकरापर्यंत जागं असतं कारण घर जागं असतं: उशिराची जेवणं, मालिका, दुसऱ्या पाळीवरून येणारे बाबा. अवघड आहे, पण घराने मनावर घेतलं तर ही सवय बदलते. म्हणजे ज्या वयाला लवकर झोपवता येतं त्याला आपण सकाळ मोकळी करून दिली, आणि ज्याला येत नाही त्याला पहाटे उठवलं.

पहाटे मोडलेल्या झोपेत नुसते तास जात नाहीत. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरांत सर्वांत जास्त असते, आणि दिवसभराच्या भावना मार्गी लावण्यात तिचा मोठा वाटा मानला जातो. पावणेसहाला हलवून उठवलं की नेमकी तीच तुटते. आणि ती कोणत्या वयात तुटते ते पाहा. मैत्रिणी काय म्हणतील याने जीव वरखाली होतो ते हे वय. भावनांना आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या मांडणीत अमूर्त विचाराची पायरी अकरा-बारानंतर येते, म्हणून तर भूमितीची प्रमेयं आठवी-नववीत. दुसरा मानसशास्त्रज्ञ एरिक्सन याच्या मते ‘मी कोण’ हे शोधणं हेच या वर्षांचं मुख्य काम. एवढा सगळा पसारा आपण तिला अर्धवट झोपेत आवरायला सांगतो, आणि ती खेकसली की ‘हल्ली फार उलट बोलते’ म्हणतो. त्या खेकसण्यातलं वयाचं किती आणि थकव्याचं किती, हे तिची झोप पुरी झाल्याशिवाय कुणालाच कळणार नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, असं २०१४ मध्येच सांगितलं होतं. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला आणि जुलै २०२२ पासून इथली हायस्कूलं साडेआठच्या आधी भरत नाहीत, ग्रामीण भागाचा अपवाद सोडून. सिएटलने २०१६ मध्ये वेळ पावणेआठ-आठवरून पावणेनऊला नेली, तेव्हा मुलं उशिरा शाळा म्हणून आणखी उशिरापर्यंत जागतील अशी भीती होती. मोजल्यावर रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. मात्र फ्लोरिडाने २०२३ मध्ये असाच कायदा केला आणि बसचा खर्च व वेळापत्रकं जमेनात म्हणून २०२५ मध्ये मागे घेतला. माझ्या मुलाची शाळा साडेआठला भरते, तरी गृहपाठ, पोहणं आणि कॉलेजप्रवेशाची चढाओढ यांत त्याचे रात्रीचे बारा होतातच. कायद्याने त्याची सकाळ वाचली, रात्र नाही. पण सकाळ वाचल्याचा फरक मला रोज दिसतो: तो नाश्ता जागेपणी करतो आणि गाडीत माझ्याशी बोलतो.

इकडचा कायदा उचलून तिकडे लावा, असं मी म्हणत नाही. एका इमारतीत दोन शाळा चालवायच्या तर कुणाला तरी सकाळी यावंच लागणार. माझं म्हणणं, लहानांनी आठला यावं आणि आठवी ते दहावी दुपारी; आदेशातली नऊची अट त्यासाठी सैल व्हायला हवी. अडचणी मला दिसतात. दुपारची शाळा सहाच्या सुमारास सुटते, मग क्लास, मग मुलगी अंधारात घरी. दादाची पाळी सातची, मग तिला सोडणार कोण? पण नववीतली मुलगी भरदुपारी मैत्रिणींबरोबर सायकलने जाऊ शकते, लहान मूल जाऊ शकत नाही, आणि दादासारख्यांच्या गाडीवर मग धाकटी मुलं बसतील. बोर्डासाठी पहाटेची सवय हवी, असंही ऐकते. दहावीचा पेपर तर सकाळी अकराला सुरू होतो.

क्लासचं गणितही यात धरायला हवं. कॉलेज रोडवर पहाटेच्या बॅचना जाणारी अकरावी-बारावीची मुलं प्रत्येक नाशिककराने पाहिलेली आहेत. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत क्लास फार पहाटे किंवा फार रात्री नकोत, दिवसात पाच तासांहून जास्त नकोत, असं स्पष्ट लिहिलं आहे. शाळेच्या वेळेवर एवढी चर्चा झाली, तेवढी या ओळीवर झालेली माझ्या तरी वाचनात नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की पालक-शिक्षक संघाची बैठक होईल. दादाने तिथे हा विषय मांडायचं कबूल केलं आहे. सत्रांची अदलाबदल मान्य झाली तर उत्तम. नाही झाली, तर निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी माध्यमिकची शाळा साडेसात-आठला भरावी. तेही जमत नसेल, तर पहिल्या दोन तासिका गणिताच्या ठेवू नयेत आणि चाचण्या मधल्या सुट्टीनंतर घ्याव्यात. या शेवटच्या मागणीला ना नवी खोली लागते, ना नवी व्हॅन.