पिशवी

मागच्या महिन्यात मावशीला धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला घेऊन गेले होते. गोरोबाकाकांचं दर्शन झालं आणि मग तिथल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात शिरलो. लज्जागौरीपाशी मावशी थांबली. दोन्ही पाय फाकवून बसलेली, डोकं नसलेली, तळहातावर मावेल एवढी बाई. कोणी काही सांगायच्या आत मावशीनं काचेला हात लावून तो कपाळाला टेकवला. "बाळंत होतीय का गं ही?"

मी सांगितलं की ही देवी आहे, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लोक हिला पुजायचे. मावशी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मही पिशवी तं ट्रेमधी घालून तुह्या काकाला दाखवली व्हती."

तेव्हापासून हे लिहायचं होतं.

मावशी बीड जिल्ह्यातली. दर दिवाळीनंतर दोघं मिळून 'एक कोयता' म्हणून ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे चारला फडात, मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत. पाळीत पोट दुखलं म्हणून बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. अंगावरून पांढरं जायचं म्हणून ती एका खाजगी दवाखान्यात गेली. पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल, असं सांगितलं. मुलं झालेली होतीच. पिशवी काढून टाकली. वय 27.

ती एकटी नाही. 2019 मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीसमोर जे सर्वेक्षण आलं, त्यात बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

यात उचलीचा, खाड्याचा, दवाखान्यांचा वाटा आहेच. पण मला आपल्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. पिशवी. आपण सगळे हाच शब्द वापरतो. डॉक्टर वापरतात, मीही वापरते. आणि पिशवी म्हटलं की मनात येतं की आत काही ठेवायचं असेल तोवर ती कामाची, नंतर रिकामी. रिकामी पिशवी टाकून दिली तर काय बिघडलं?

शरीरात तशी पिशवी नसतेच. गर्भाशय म्हणजे स्नायू, साधारण साडेसात सेंटीमीटर लांब, मुठीएवढा, जाड भिंतींचा. गर्भ नसतो तेव्हा या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, मधे फक्त एक फट. रिकामं असं तिथे काही नाही. हाच पन्नास-साठ ग्रॅमचा स्नायू नऊ महिन्यांत किलोभराचा होतो आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत जवळजवळ पहिल्यासारखा. आपल्या आज्यांनी बाळंतिणीला सव्वा महिना खोलीबाहेर पडू दिलं नाही, तो काळ याच्या जवळपासचाच. शरीरातला दुसरा कुठला स्नायू हे करतो?

शिवाय तो एकटा नाही. मूत्राशय आणि गुदाशय यांच्या मधे तो बंधांनी धरलेला असतो. अंडाशयांना जाणाऱ्या रक्ताचा काही भाग त्याच्याच रक्तवाहिन्यांतून येतो, म्हणून अंडाशयं ठेवूनही काहीजणींची पाळी जायची लक्षणं वेळेआधी सुरू होतात. आणि अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम तुटतं, हाडं भराभर ठिसूळ व्हायला लागतात. मावशीच्या अंगातून तिशीतच वाफा निघायला लागल्या, झोप गेली, कंबर गेली. अंडाशयं ठेवली की काढली, हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. डिस्चार्ज कार्डच नव्हतं. शेवटी मी सोनोग्राफी करून आणली. दोन्ही काढलेली.

गर्भाशय कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, अशा वेळी या ऑपरेशननं जीव वाचतात. पण पांढरं जाणं बऱ्याचदा साध्या संसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं. थोडं तर निरोगी बाईलाही जातं.

तेरची ती देवी काही एकटीच सापडलेली नाही. भोकरदनला, नेवाशालाही सापडली. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी तिचं नातं रेणुकेशी, यल्लम्माशी, वारुळाशी जोडून दाखवलं. माहूरला रेणुकेचं नुसतं मुख पुजतो आपण, आणि लज्जागौरीला मुखच नाही. गोव्यात सांतेरी देवी वारुळाच्या रूपात देवळात आहे, आणि ते वारूळ म्हणजे भूमीची योनी. आसामातल्या कामाख्येला मूर्तीच नाही, योनीच्या आकाराचा खडक आणि त्यावरून झिरपणारं पाणी. तिथे अंबुबाचीच्या उत्सवात देवी रजस्वला होते म्हणून देऊळ तीन दिवस बंद ठेवतात. देवीला तीन दिवस विश्रांती, आणि फडातल्या बाईला खाडा. आपण देवाच्या खोलीला गाभारा म्हणतो, तो शब्दही गर्भागारापासूनच आलेला. म्हणजे आपल्या भाषेनं या अवयवाला एकीकडे गाभारा केलं आणि दुसरीकडे पिशवी. मला या दोन्हींचा राग येतो, पिशवीचा जास्त. मला देव्हारा नको आहे. मुठीएवढा स्नायू आहे, तो काय काम करतो ते बायकांना माहीत असावं, आणि तो काढण्याआधी त्यांना नीट विचारलं जावं, एवढंच हवं आहे.

आता मावशीची सून. वय 26, दोन मुलं, पांढरं जातं. तिलाही परवा एकीनं सांगितलं, "काढून टाक, सुटशील." मावशीनं मला रात्री अकराला फोन केला. ती सहसा फोन करत नाही. "तू तिला घेऊन जा," म्हणाली, "आन् कागद मागून घी."

सोमवारी मी तिला अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात नेतेय. तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल तर आज त्यांना विचारा, अंडाशयं आहेत की नाहीत. आणि डिस्चार्ज कार्ड शोधा. नसेल तर सोनोग्राफीत बऱ्याचदा कळतं. दोन्ही काढलेली असतील तर हाडांची तपासणी करून घ्या, कॅल्शियमबद्दल आणि हार्मोनबद्दल डॉक्टरांना विचारा. मावशीची तपासणी मी फार उशिरा केली.