कॅसिओ विकायलाय म्हणे

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, ते कॅसिओ नाही. ते रोलँडचं जुनो-१०६ आहे, १९८४ चं मॉडेल, जपानी, अॅनालॉग सिंथेसायझर, म्हणजे विजेच्या सर्किटनं आवाज बनवणारं वाद्य. पण आमच्या सोलापुरात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेल्या वस्तूला वायर असली तर ते कॅसिओ आणि नसली तर पेटी, मधलं काही नाही. आई तर वायर दिसत असूनही अजून पेटीच म्हणते, आणि वयाच्या ८४ व्या वर्षी तिला कोण करेक्ट करणार.

विकायचं कारणही आईच. गुडघ्यांमुळं तिला जिना चढवेना, त्यामुळं खालच्या खोलीत तिची कॉट आणायची ठरली आणि खालच्या खोलीत जुनो. म्हणजे जुनो एकटं असतं तर मीटरभर लांब आणि साधारण दहा किलो, कुठंही उभं राहिलं असतं. पण त्याच्यासोबत स्टँड, अँप, सोल्डरिंगचं टेबल, स्क्रूच्या बरण्या आणि 'लागेल कधीतरी' ह्या कॅटेगरीतला तीस वर्षांचा माल. बायको काहीच बोलली नाही, नुसती टेप घेऊन खोली मोजली आणि आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले. मी समजलो.

घेतलं तेव्हा मी टेलिफोन खात्यात होतो आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचो. १९८३ मध्ये यामाहाचं डीएक्स-७ आलं, डिजिटल, आणि जगभर लोकांनी अॅनालॉग मशिनं जुन्या पंख्यासारखी काढून टाकायला सुरुवात केली. ही लाट सोलापूरला पोचायला दहा वर्षं लागली, तोवर तयार तबला-ढोलक वाजणारे कीबोर्ड आले होते, म्हणून आमच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी १९९३ मध्ये जुनो मला ११ हजाराला दिलं. सोसायटीचं कर्ज काढून घेतलं, घरी सांगितलं गॅसची शेगडी घेतोय. शेगडी दोन वर्षांनी आली.

मशीन १०० व्होल्टवर चालणारं, त्यामुळं आपल्या २३० ला एक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, विटेएवढा लोखंडी ठोकळा. तो चालू असला की कोमट होतो. हे आईला पहिल्याच थंडीत कळलं आणि तेव्हापासून आमच्या घरी दही त्याच्यावर लागतं. ह्या ठोकळ्याकडं पुढं परत यायचंय.

आता अपग्रेड. जुनोमध्ये सहा व्हॉइस असतात, म्हणजे एकावेळी सहाच सूर, त्याच्यावर जागाच नाही, पॅसेंजरच्या बाकासारखं. प्रत्येक व्हॉइसला ८००१७ए नावाची एक चिप असते, आणि ह्या चिपा कंपनीनं संरक्षणासाठी काळ्या लेपात बुडवलेल्या. वर्षं गेली की तो लेपच सडतो आणि करंट नको तिकडं झिरपायला लागतो. माझा एक व्हॉइस गणपतीतच गेला. व्हॉइस आळीपाळीनं लागतात ना, त्यामुळं आरतीत दर सहावा सूर 'खर्र'. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं मी मुद्दाम करतोय, कारण मागच्या वर्षीचं मानधन राहिलं होतं.

त्याचा इलाज असा की आधी की ट्रान्स्पोजचं बटण दाबून धरून मशीन चालू करायचं, टेस्ट मोड येतो, डिस्प्लेवर नंबर दिसतो की आता कितवा व्हॉइस वाजतोय, चोर सापडतो. मग मी चोराबरोबर सगळ्यांनाच काढलं, कारण एक गेला म्हणजे बाकीचे लायनीत आहेतच. सहाही चिपा काढून ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवायच्या, दोन-तीन दिवसांनी लेप मऊ पडतो, मग हळू सोलायचा. प्लॅस्टिकचा डबा चालत नाही, ॲसिटोन त्यालाच खातं, म्हणून आईची लोणच्याची चिनीमातीची बरणी घेतली. आणि काढलं कधी, मे महिन्यात. सोलापूरचा मे म्हणजे माणूस झाकण न लावता ठेवला तर उडून जाईल, ॲसिटोनची काय कथा. गच्चीवर सावलीत बरणी, वर ताटली, ताटलीवर वरवंटा, आणि मी दर चार तासांनी रंग-केमिकलच्या दुकानातनं नवीन बाटली. दुकानदारानं तिसऱ्या दिवशी विचारलं, "मालक, काय धंदा काढलाय?"

आईनं बरणी उघडली तेव्हा मी आंघोळीला होतो. आत सहा काळी, चपटी, पाय असलेली.

"झुरळं मुरत घातलीस का रं?"

सहातल्या चार वाचल्या. दोन माझ्याच नखानं गेल्या, त्यांच्या जागी क्लोन चिपा मागवून बसवल्या. पुढं मेमरीची सोल्डर केलेली बॅटरी काढून होल्डर टाकला, स्लायडर बदलले, आणि रिटायरमेंटच्या पैशातनं नवीन प्रोसेसर बोर्ड, त्यानं अर्पेजिएटर आला, म्हणजे पट्ट्या दाबून धरल्या की सूर आपोआप ओळीनं पळतात. जुनो-६० ला तो होता, १०६ ला कंपनीनं काढून टाकला होता. मी परत आणला. ह्यात किती पैसे गेले त्याचा हिशोब एका वहीत आहे आणि ती वही कुठंय ते फक्त मला माहितीय.

एवढं करून जाहिरात टाकली. एक लाख वीस हजार. परदेशात लाखाच्या पुढंच जातं हे मशीन आणि आपलं तर अपग्रेड केलेलं, म्हटलं थोडं जास्तच मिळावं.

पहिला मेसेज दोन मिनिटांत. "लास्ट." बस, एवढंच. मग "लास्ट किती". मग "फायनल सांगा काका १५०० देतो मुलीला क्लास लावलाय". एकजण इन्व्हर्टरची बॅटरी आणि वर दोन हजार द्यायला तयार, बॅटरी नवी होती हे मान्य करायला पाहिजे. एक आर्मीवाले साहेब, हिंदीत, बघायचं नाही, भाव करायचा नाही, पूर्ण पैसे लगेच, फक्त मी त्यांचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही एवढं टेलिफोन खात्यातल्या माणसालाही कळतं, पण खरं सांगतो, पूर्ण भाव कबूल करणारा तो एकटाच होता, ब्लॉक करताना वाईट वाटलं.

प्रत्यक्ष आलेलं पहिलं गिऱ्हाईक अशोक चौकाकडचं, बँजो पार्टीवाले अण्णा, सोबत दोन पोरं.

"काय मालक, कॅसिओ विकायलाय म्हणे?"

मी ते कॅसिओ नाही पासून सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्पीकर कुठंय?"

"स्पीकर नसतो ह्याला. बाहेरनं लावायचा."

"ताल किती हायत?"

"ताल नाहीत."

"एकबी नाही? दादरा तरी?"

"नाही हो. ह्याच्यात आवाज बनवायचा असतो, हे स्लायडर बघा, हा फिल्टर..."

अण्णांनी एक पट्टी हळू दाबली, मग जोरात. "आवाज सारखाच की."

"हो, टच सेन्सिटिव्ह नाही."

"मग हे करतंय काय?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं तीस वर्षांत कुणी इतक्या सरळ हात घातला नव्हता. मी कोरस दाबून दाखवला. जुनोचं खरं काळीज कोरसमध्ये, दोन बटणं, एक दाबलं की पातळ आवाजाला अंग येतं, जसं थंडीत गरम पाण्यात पाय सोडल्यावर होतं. आत बकेट ब्रिगेड जातीच्या चिपा असतात. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून बादली हातोहात देतात तसा सिग्नल एका खान्यातनं दुसऱ्या खान्यात सरकत जातो, म्हणून त्याला उशीर होतो, आणि उशिराचा आवाज मूळ आवाजात मिसळला की ती जादू. हे मात्र अण्णांना लगेच पटलं. "म्हणजे आमच्या गल्लीत नळाला पाणी आल्यावर व्हतंय तसं."

मग ते मुद्द्यावर आले. "नागीण वाजतंय का?"

माझ्यातला अॅनालॉगवाला दुखावला, पण विकायचं होतं. पोर्टामेंटो लावला, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, फिल्टर थोडा उघडला, सूर वाकवायच्या बेंडरवर अंगठा ठेवला आणि सोडली पुंगी. आयुष्यात ह्या मशीनला असा रिस्पॉन्स नाही मिळाला. दोन्ही पोरं दारातच रुमाल दातात धरून बसली, शेजारच्या घरातनं कुणीतरी डोकावलं, आई आतनं म्हणाली, "आज बरं वाजवतोयस." अण्णा चार हजारावरनं सहावर आले. मग विचारलं, टेम्पोत जनरेटर आहे, डायरेक्ट लागेल ना? मी १०० व्होल्ट आणि ठोकळा समजावायला लागलो. टेम्पो, पाऊस, गुलाल, जनरेटर आणि माझ्या चार वाचलेल्या चिपा असं सगळं डोळ्यासमोर आलं आणि मीच म्हटलं, राहू द्या अण्णा, तुमच्या कामाचं नाही. चहा घेऊन गेले. जाताना म्हणाले, "मशीन गरीब हाय, पण नागीण झकास."

दुसरा पुण्याचा मुलगा. पंचविशीतला, दाढी, हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उतरला आणि स्टेशनवरनं थेट घरी. तो कॅसिओ म्हणाला नाही. दारातच म्हणाला, "वन-ओ-सिक्स!" मला भरून आलं. मुंबईचे वादक चरणजित सिंग, त्यांनी १९८२ मध्येच रोलँडच्या ज्युपिटर-८ वर राग वाजवून ठेवलेत, सोबत टीआर-८०८ हे तालाचं आणि टीबी-३०३ हे बेसचं मशीन, हेही त्याला माहीत, तेव्हा कुणी विचारलं नाही आणि आता जग शोधतंय. आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही वाढलं. म्हटलं झालं, जावई सापडला.

मग त्यानं विचारलं, "काका, स्टॉक आहे की मॉडेड?"

मी अभिमानानं एकेक सांगत गेलो आणि प्रत्येक वाक्याला त्याचा चेहरा एकेक पायरी उतरत गेला. दोन चिपा क्लोन? ह्म्म. स्लायडर ओरिजिनल नाहीत? ह्म्म. प्रोसेसर बोर्डच बदललाय? इथं त्यानं भाकरी खाली ठेवली. म्हणे कलेक्टर लोक ओरिजिनल बघतात काका, हात न लावलेलं.

"अरे पण हात लावला नसता तर वाजलं नसतं."

"हो, पण ओरिजिनल असतं."

"म्हणजे बंद पडलेलं आणलं असतंस तर जास्त दिले असतेस?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "थोडे जास्त."

आता सांगा. अण्णांना ते जुनं कॅसिओ आणि ह्याला ते बिघडवलेलं रोलँड. माझी तीस वर्षं दोघांच्या मधल्या फटीत कुठंतरी पडलेली. शेवटी मी कपाटावरनं मुंबईहून आलेल्या मिठाईचा जुना पत्र्याचा डबा काढला, त्यात मूळ बोर्ड, मूळ स्लायडर आणि मेलेल्या दोन चिपा कापसात ठेवलेल्या. त्या मेलेल्या चिपा बघून पोराचे डोळे असे चमकले की चालू मशीन बघून चमकले नव्हते. रात्री एक वाजता ८५ हजाराला सौदा झाला. सहाही व्हॉइस टेस्ट मोडमध्ये तीनतीनदा मोजून घेतले त्यानं, माझ्यासारखंच, तेव्हा राग थोडा गेला.

आणि तो ठोकळा उचलायला गेला.

"त्याला हात लावू नको," आई म्हणाली. ही अजून जागीच. "दही लावलंय."

मी समजावलं, आई, ते मशीनबरोबरच जातं. आई म्हणाली, पेटी ने म्हणावं, ठोकळा कुणी विकायला काढलाय? अर्धा तास झाला. पुण्याच्या पोरानं ८५ हजार रुपये मोजले होते आणि वाटीभर दह्यापुढं हरला. पाचशे कमी केले, त्यानं पुण्यात दुसरा घ्यायचा.

सकाळच्या हुतात्मानं परत जायचं म्हणून पहाटे पॅकिंग. बॉक्स तीस वर्षांपूर्वीच गेलेला, मग दोन सोलापुरी चादरींत घट्ट गुंडाळलं, वरनं नाड्या. रिक्षात मांडीवर आडवं धरून गेला तो, दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर.

संध्याकाळी फोन. पोचलं काका, सहाही व्हॉइस ओके, कोरसला थोडा हिस, म्हणजे मागं सूंसूं, आहे. म्हटलं तो कंपनीचाच आहे, ओरिजिनल. खूश झाला. मग जरा घुटमळत म्हणाला, "आईला त्या चादरी फार आवडल्यात, ठेवून घेतल्या तर चालतील का, कितीला देणार?"

मी म्हटलं जोडीचे बाराशे. एका सेकंदात पैसे आले. लास्ट किती, ओरिजिनल आहे का, काहीसुद्धा नाही.

आता त्या खोलीत आईची कॉट आहे. उशाला ठोकळा, त्याला पुढं काहीच जोडलेलं नाही, तसाच चालू, वर दह्याचं पातेलं. रात्री सगळं शांत झालं की त्याची गुणगुण ऐकू येते, १०० हर्ट्झ, पांढरी पाच आणि काळी चारच्या मधली, कुठल्याच पट्टीत न बसणारी. मी दारात उभा राहून ऐकत होतो तर आई म्हणाली, "वाजवतोय कोण?"