४२ स्लाइड आणि एक बादली

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज. 'मावशी, उद्या फायनल प्रेझेंटेशन आहे, पीपीटी पाठवतेय, पाच मिनिटांत बघून सांग ना.' सोबत ४२ स्लाइडची फाइल. बोलायला मिळणार दहा मिनिटं. म्हणजे एका स्लाइडला धड पंधरा सेकंदसुद्धा नाहीत.

पहिल्यावर कॉलेजचं बोधचिन्ह, दुसऱ्यावर अनुक्रमणिका, तिसऱ्यावर 'पाणी हेच जीवन', मागे धबधबा आणि धबधब्यावर पिवळी अक्षरं. पंधरावी स्लाइड आली तरी प्रोजेक्ट कशाचा आहे ते कळेना. विषय तसा साधा, सरळ. मुलींच्या होस्टेलच्या गच्चीवर पडणारं पावसाचं पाणी साठवायचं.

हसू आलं. पण फार हसायचा मला अधिकार नाही.

भूजलाच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. सुरुवातीच्या काळात एका गावात देवळाच्या मंडपात आम्ही प्रोजेक्टर लावला होता, पडदा म्हणून पांढरी चादर. मी मोठ्या हौसेने विहिरींच्या पाणीपातळीचा आलेख दाखवत होते. आता आम्ही लोक पातळी मोजतो ती जमिनीपासून खाली. टेप सोडायचा, पाण्याला टेकला की आकडा लिहायचा. जानेवारीत ६ मीटर, मेमध्ये ११ मीटर. आकडे कॉम्प्युटरला दिले, त्याने इमानदारीत ६ खाली आणि ११ वर टाकले. रेघ अशी झोकात वर चाललेली, आणि मी तळमळून सांगतेय की बघा, पाणी किती आटलं.

पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले, "ताई, म्हंजी उन्हाळ्यात पानी चढलंय की आमच्या हिरीला!"

मंडप खो खो हसला. त्या दिवशी मला राग आला होता, की यांना आलेख वाचता येत नाही. घरी येताना एसटीत विचार केला तेव्हा कळलं, की आजोबांनी आलेख बरोब्बर वाचला होता. वर जाणारी रेघ म्हणजे वाढ, हे डोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. चूक माझी होती. मला काय म्हणायचंय ते मला माहीत होतं, म्हणून मला चित्रात तेच दिसत होतं. समोरच्याला फक्त जे काढलंय तेच दिसतं.

पुढच्या गावात मी दोरी घेऊन गेले. ११ मीटर लांब, सहाव्या मीटरला लाल चिंधी बांधलेली. एक टोक मंडपाच्या खांबाला बांधलं आणि दुसरं एका पोराच्या हातात देऊन त्याला म्हटलं, चाल. चिंधीपाशी थांबवलं. ही जानेवारी. मग म्हटलं, आता मे महिन्यापर्यंत जा. पोरगं चालत चालत मंडपाबाहेर, पार पायऱ्यांपर्यंत गेलं. माना सगळ्या तिकडे वळल्या. एक बाई नुसतं "अगं बाई" म्हणाल्या. प्रोजेक्टर त्या दिवशी पिशवीतून बाहेर निघालाच नाही.

पावसाचंही तेच. '५०० मिलिमीटर' म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर काय येणार? पण एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण चार हजार लिटर पाणी. ५०० मिलिमीटर म्हणजे वीस लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दोनशे टँकर. तुमच्या एका एकरावर वरून दरवर्षी दोनशे टँकर रिकामे होतात आणि मेमध्ये आपण एका टँकरमागे हंडे घेऊन पळतो, एवढं वाक्य टाकलं की मंडपात चिडीचूप. टँकर सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचा पाइप धरायला भांडलेलेही असतात.

आता कुणी म्हणेल, हे गावाकडचं ठीक आहे, ऑफिसात आकडे आणि मुद्दे लागतातच. लागतात ना. पण कोलंबिया यानाचं उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २००३ ला ते परतताना तुटलं आणि कल्पना चावलासह सातजण गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा पंखावर आदळला होता. यान वर असतानाच त्याचा अभ्यास झाला आणि तो स्लाइडवर मांडलाही गेला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं. खाली मुद्दे, उपमुद्दे, उपमुद्द्यांचे उपमुद्दे. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत असं, की ज्या चाचण्यांवरून हा धीर दिला होता त्यांतला तुकडा ३ घनइंचाचा होता आणि खरा तुकडा १९२० घनइंचाचा. म्हणजे ६४० पट! अपघात स्लाइडमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण चौकशी मंडळाने अहवालात त्या स्लाइडची मुद्दाम चिरफाड केली आहे. मला राहून राहून वाटतं, कुणीतरी टेबलावर एक सुपारी आणि एक मोठं कलिंगड ठेवलं असतं तर? प्रमाण तंतोतंत जुळलं नसतं, पण खोलीतलं कुणी झोपलंही नसतं.

आणि चित्र दाखवत सांगणं आपल्याकडे काही प्रोजेक्टरबरोबर आलेलं नाही. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. वीणा, हुडूक (डमरूसारखं छोटं वाद्य) आणि टाळाच्या साथीवर रामायण-महाभारतातली कथा चालते, आणि कथेकरी एकेक चित्र पुढे धरतो. बघायला गेलात तर एक गोष्ट टिपा. चित्रात काय आहे ते तो वाचून दाखवत नाही. राक्षस चित्रात उभा असतो, तो का चिडलाय ते गाण्यात असतं. डोळ्यांना एक काम, कानांना दुसरं. आपण स्लाइडवर परिच्छेद लिहितो, मग लोकांकडे पाठ करून तोच परिच्छेद वाचतो. लोकांचं वाचन आपल्याआधीच संपलेलं असतं. उरलेला वेळ ते तुमच्या पाठीकडे बघत बसतात, किंवा मोबाइलकडे.

बारक्या गोष्टी पटापट सांगते, कारण यातली एकेक माझ्यावर बेतलेली आहे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली की 'पाणलोट'च्या जागी भलतीच अगम्य लिपी येते. एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असू द्या. प्रोजेक्टरची वायर आपल्या लॅपटॉपला बसते का ते आदल्या दिवशी बघा. दुपारी पत्र्याच्या शाळेत उजेड इतका असतो, की फिकट रंग पडद्यावर येतच नाहीत. पांढऱ्यावर काळं लिहा आणि गप्प बसा. लाल आणि हिरव्या रेघांचा फरक काहींना दिसत नाही, तेव्हा एक रेघ तुटक काढा. आणि वीज जाणार हे गृहीत धरा. वीज गेल्यावर तुमच्याकडे सांगायला काही उरत नसेल, तर वीज असतानाही नव्हतं.

तर भाची. रात्री अकराला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, फाइल बंद कर आणि मला तोंडी सांग, गच्चीवर पाणी किती पडतं? ती म्हणाली, गच्ची ६०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलिमीटर, त्यातलं ८० टक्के हाती लागेल असं धरलंय, म्हणून ३ लाख ३६ हजार लिटर. पाठ होतं पोरीला. म्हटलं, छान. म्हणजे किती?

"म्हणजे... खूप."

"होस्टेलवर मुली किती? आंघोळीची बादली केवढी?"

मुली १२०, बादली २० लिटरची. कॅल्क्युलेटर काढला. १६ हजार ८०० बादल्या. प्रत्येकीला रोज एक धरली तर १४० दिवस! तिचा चेहरा उजळला. पहिली स्लाइड हीच ठेवते म्हणाली, बादलीचा फोटो आणि खाली १४०.

मग जरा थांबली. म्हणाली, "मावशी, पण आमची टाकी वीस हजार लिटरची आहे."

मी काहीच बोलले नाही. तिने परत कॅल्क्युलेटर दाबला. हजार बादल्या. आठ दिवस, तेही जेमतेम. पाऊस चार महिन्यांत पडून जाणार, टाकी पुन्हा पुन्हा भरणार आणि वाहून जाणार. सहा महिने या प्रोजेक्टवर चौघीजणी राबल्या, ४२ स्लाइड झाल्या, रंगीत आकृत्या झाल्या, पण टाकी आणि गच्ची एकमेकींसमोर कुणी उभ्याच केल्या नव्हत्या. एक आकडा नवव्या स्लाइडवर, दुसरा एकतिसाव्या. चित्र काढायला बसल्यावर भोक दिसलं. समोरच्याला समजावं म्हणून चित्र काढायचं, असं आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की निम्म्या वेळा ते आधी आपल्यालाच समजतं. थोडं उशिरा समजतं, ही वेगळी गोष्ट.

"आता काय करू? लपवू?" तिने विचारलं.

म्हटलं, मुळीच नाही. दोन बादल्यांच्या चित्रांखाली १४० आणि ८ शेजारी शेजारी लिही, आणि उरलेल्या पाण्याचं काय करायचं ते सांग. होस्टेलची बोअर आहे ना? गाळणखड्डा करून तिचं पुनर्भरण करता येईल, म्हणजे गाळलेलं पाणी तिच्यातून जमिनीत सोडायचं. मग तास-दीड तास आम्ही त्याच चित्रावर घालवला. बाराच्या पुढे बहिणीचा आवाज आला, झोपा आता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज. सात स्लाइड झाल्या, सरांनी पहिलाच प्रश्न टाकीचा विचारला, आणि उत्तर आधीच पडद्यावर होतं. खाली आणखी एक ओळ होती: 'थँक यूची गुलाबवाली स्लाइड मात्र ठेवली गं. ती नसली तर प्रेझेंटेशन संपलं हे सरांना कळत नाही.'